सल्लागार हवा आहे? आधी प्रश्न लिहा, मग जाहिरात काढा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मदतकार्य करणाऱ्या संस्थांना बाहेरचा अभ्यासक लागतो तो मुख्यतः तीन वेळा. प्रकल्प सुरू होताना पायाभूत पाहणीसाठी, जिला आपण सगळे बेसलाइन म्हणतो. प्रकल्प संपल्यावर मूल्यमापनासाठी. आणि पूर, दरड किंवा दुष्काळ येऊन गेल्यावर नुकसान आणि गरजा मोजण्यासाठी. निधी देणारी कंपनी किंवा परदेशी संस्था ‘थर्ड पार्टी’ अहवाल मागते, मुदत जवळ आलेली असते. मग घाईत एक मजकूर तयार होतो, दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो, ओळखीच्या तिघांची कोटेशनं येतात आणि सगळ्यांत कमी आकड्याला काम मिळतं. अहवाल येतो, कपाटात जातो. संस्थेला जे कळायला हवं होतं ते त्यात नसतं. याचा दोष दर वेळी सल्लागाराच्या माथी मारता येत नाही, कारण बहुतेकदा जाहिरातीत ते विचारलेलंच नसतं.

चांगला सल्लागार जाहिरात वाचूनच ठरवतो की या संस्थेसोबत काम करायचं की नाही. पूर, भूकंप, दुष्काळात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं कमी आहेत आणि त्यांच्यापुढे कामं बरीच असतात. त्यांनी आपल्या निविदेवर थांबावं असं वाटत असेल तर ती त्यांच्या नजरेनं लिहावी लागेल.

प्रश्न कोणता?

‘पूरबाधित कुटुंबांवर प्रकल्पाच्या झालेल्या परिणामाचा अभ्यास करणे’ असं वाक्य असलेली निविदा कुणालाही भरता येते, म्हणून ती सगळे भरतात. आता हेच दुसऱ्या तऱ्हेनं लिहून पाहा. समजा, तुमच्या संस्थेनं पलूस तालुक्यातल्या आठ गावांत बोटी दिल्या आणि तरुणांची बचाव पथकं तयार केली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी ४० वरून ४५ वर जाईपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात ही गावं म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि जनावरं हलवू शकतात का? नसतील तर नेमकं कुठं अडतं? बोटीपाशी, रस्त्यापाशी, की ‘एवढं पाणी येत नाही’ या समजुतीपाशी?

हा प्रश्न हवेतला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्याच ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि माणसं गेली. त्यानंतर कृष्णाकाठच्या गावांत बोटी, जॅकेटं, प्रशिक्षणं बरीच झाली. त्यांचा उपयोग होणार की नाही, हे ज्याला शोधायचंय त्याला वरचा प्रश्न वाचून लगेच कळतं की इथं नदीचं, गावाचं आणि बचावकार्याचं भान असलेला माणूस लागणार. नुसतं सर्वेक्षण करून देणारा आपोआप बाजूला होतो.

असे तीन प्रश्न पुरेत. मूल्यमापनाच्या जगात ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सहा निकष सर्रास वापरले जातात: समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा. २०१९ मध्ये ‘सुसंगती’ त्यांत नव्यानं आली. बऱ्याच संस्था हे सहाही निकष जाहिरातीत जसेच्या तसे उतरवतात. मग सल्लागार वीस दिवसांत सहा निकषांना वरवर हात लावून मोकळा होतो. तुम्हाला खरोखर गरज असलेले दोन निवडा आणि बाकीचे तपासायचे नाहीत असं स्पष्ट लिहा.

प्रश्न कुणी लिहायचे? मुंबई-पुण्याच्या कार्यालयातल्या माणसानं नव्हे. गावात रोज जाणाऱ्या कार्यकर्त्यांना एक दुपार एकत्र बसवा आणि विचारा, ‘आपल्याला काय माहीत नाही?’ त्यांच्या उत्तरांतून निविदा लिहिली तर अहवाल आल्यावर तो वाचणारेही तेच असतील.

गाव, भाषा, हंगाम

बाहेरच्या व्यावसायिकाला आपल्या दोन जिल्ह्यांची कल्पना नसते. ती जाहिरातीतूनच द्यायला हवी, नाहीतर त्याचा अंदाज चुकतो, दर चुकतो आणि शेवटी कामही चुकतं.

जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या पुष्कळ गावांत घरी कन्नड बोलली जाते. तिथं मराठी प्रश्नावली घेऊन गेलेला प्रगणक गावातल्या शिकलेल्या पुरुषाशी बोलून परत येतो. घरातल्या बाईचं म्हणणं राहून जातं. म्हणून ‘किमान दोन प्रगणक कन्नड बोलणारे हवेत’ हे वाक्य जाहिरातीत असलंच पाहिजे. पाटण तालुक्यात जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या ठिकाणी दरडी कोसळल्या. अशा डोंगराळ भागात पाहणी करायची तर एका दिवसात दोन वाड्या झाल्या तरी खूप. नकाशावर सात किलोमीटर दिसणाऱ्या अंतरावर अर्धा दिवस जातो. हे आधी लिहिलं नाही, तर सल्लागार सपाट मुलखाचा हिशेब धरून येतो आणि मग रस्त्याकडेची घरं तेवढी मोजून जातो.

हंगामाचं तर विचारूच नका. खानापूर, आटपाडीकडची कितीतरी माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. ती गावात भेटतात यात्रेला नाहीतर सणाला. माण, खटाव, आटपाडीचे मेंढपाळ दिवाळीच्या सुमाराला कळप घेऊन बाहेर पडतात. ऊसतोड टोळ्या येतात त्या गाळप हंगामापुरत्या, आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर वा आरोग्यावर अभ्यास करायचा तर तो फडावरच करावा लागतो. तासगाव-मिरजेच्या बागायतदाराला द्राक्षाच्या छाटणीत दोन तास बसवणं शक्य नाही. कृष्णा-वारणाकाठी जुलै-ऑगस्टमध्ये क्षेत्रभेटी ठेवू नयेत हे सांगायला नको, तरी तशा निविदा निघतात.

यातलं एक दुखणं आपण स्वतःच ओढवून घेतो. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, म्हणून सगळ्या संस्थांच्या निविदा फेब्रुवारीत निघतात आणि ३१ मार्चपर्यंत अहवाल मागतात. त्या सहा आठवड्यांत जिल्ह्यातले अनुभवी लोक आधीच कुठंतरी गुंतलेले असतात. ऑक्टोबरात जाहिरात काढणाऱ्या संस्थेला त्याच पैशांत जास्त चांगली माणसं मिळतात.

पैशाचं स्पष्ट बोला

अंदाजपत्रकाचा आकडा जाहिरातीत लिहावा की नाही, यावर संस्थांमध्ये मतभेद आहेत. आकडा सांगितला तर सगळे तेवढाच मागतील, ही भीती. माझं मत ठाम आहे: किमान आणि कमाल अशी मर्यादा लिहा. ती नसली की एकजण दीड लाख मागतो, दुसरा अकरा लाख, आणि तुलना अशक्य होते. मर्यादा माहीत असली की सगळे त्याच पैशांत काय देता येईल यावर स्पर्धा करतात, आणि तुम्हाला तीच हवी आहे.

मर्यादा ठरवायची तर दिवस मोजा. ३०० घरांची पाहणी आहे असं धरू. तासाभराची प्रश्नावली असेल तर एक प्रगणक दिवसाला सहा-सात घरं नीट करतो. म्हणजे साधारण ४५ ते ५० दिवसांचं काम. चार प्रगणक असतील तर १२ दिवस. मुख्य सल्लागाराचे दिवस वेगळे: कागदपत्रं वाचायला ३, प्रश्नावली तयार करायला ३, प्रगणकांच्या प्रशिक्षणाला २, प्रत्यक्ष गावांत ८, विश्लेषणाला ६, लेखनाला ६, सादरीकरणाला १. झाले २९ दिवस. आता प्रवास, मुक्काम, प्रगणकांचं मानधन, भाषांतर जोडा. हा हिशेब स्वतः केल्याशिवाय निविदा काढू नका. तो केला की ‘३०० घरं, १२ गटचर्चा, वीस दिवस आणि एक लाख रुपये’ अशी जाहिरात आपल्या हातून निघत नाही.

कराचं आधी सांगितलेलं बरं. व्यावसायिक शुल्कावर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो. जुन्या आयकर कायद्यात ती तरतूद १९४-जे म्हणून सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या शुल्कावर तो लागत नाही. पॅन नसेल तर कपात २० टक्के. जीएसटीत खरी गोम आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून एकटा काम करणारा सल्लागार बहुधा जीएसटी लावत नाही; कंपनी १८ टक्के लावते. तुमच्या संस्थेला त्या कराची वजावट मिळत नसेल तर तो खर्चच. तेव्हा ‘दर सर्व करांसह लिहावा’ अशी अट घाला आणि तुलना एकूण रकमेचीच करा.

परदेशी निधीतून पैसे देणार असाल तर जाहिरातीआधी सीएशी बोला. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीच्या कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि व्यावसायिक शुल्क प्रशासकीय खर्चात मोजलं जाऊ शकतं. त्याच दुरुस्तीनं हा निधी दुसऱ्या संस्थेला पुढं देण्यावर बंदी आणली, म्हणून सल्लागाराच्या जागी एखाद्या संस्थेला नेमताना करार सेवेचा आहे, अनुदानाचा नाही, हे कागदावर नि:संदिग्ध हवं. सीएसआरबाबत एक गोष्ट सगळ्या छोट्या संस्थांनी लक्षात ठेवावी. कायद्यानं सक्तीचं प्रभाव मूल्यमापन मोठ्या कंपन्यांना लागू आहे, ज्यांचं सीएसआर बंधन तीन वर्षांच्या सरासरीनं १० कोटी किंवा अधिक आहे. तेही एक कोटी किंवा त्याहून मोठ्या खर्चाच्या, पूर्ण होऊन किमान वर्ष झालेल्या प्रकल्पांसाठी. त्याचा खर्च कंपनीनं ठरलेल्या मर्यादेत सीएसआरमध्ये धरायचा असतो. तुमच्या वीस लाखांच्या प्रकल्पातून चार लाखांचं मूल्यमापन भागवा, असं कुणी सांगत असेल तर नम्रपणे हा नियम पुढं ठेवा.

जाहिरात कुठं द्यायची

मदतकार्याच्या व्यवसायातली माणसं रोजचं वर्तमानपत्र निविदांसाठी वाचत नाहीत. त्यांच्या ठरलेल्या जागा आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाची रिलीफवेब ही सेवा १९९६ पासून चालू आहे. तिथं नोकऱ्यांसोबत सल्लागारांच्या कामांसाठी वेगळा प्रकार आहे आणि जाहिरातीला पैसे पडत नाहीत. संस्थेची खातरजमा मात्र होते, त्यामुळे आपली वेबसाइट आणि अधिकृत ईमेल आधी नीट करून ठेवा. भारतात डेव्हनेट जॉब्ज इंडिया आणि एनजीओबॉक्स इथं असे प्रस्ताव नियमित येतात. स्फिअर इंडियाच्या जाळ्यात आपत्तीकामातल्या संस्था आहेत. मूल्यमापन करणाऱ्यांसाठी इव्हॅल्युएशन कम्युनिटी ऑफ इंडिया आहे.

एवढ्यावर थांबलात तर अर्ज दिल्ली-बंगळुरूहून येतील. ते चांगलेच असतील, पण कृष्णाकाठचं पाणी ओळखणारी माणसं जवळही आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे, तुळजापूरला तिचं दुसरं आवार आहे. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आणि गोखले संस्था, कोल्हापुरात सायबर ही संस्था, साताऱ्याजवळ जकातवाडीचं यशवंतराव चव्हाण समाजकार्य महाविद्यालय. या प्रत्येक ठिकाणच्या विभागप्रमुखांना जाहिरात ईमेलनं पाठवून, वर एक फोन करा. माजी विद्यार्थ्यांच्या गटांवर ती त्याच दिवशी फिरते. पुराच्या पाण्याचा, धरणाच्या विसर्गाचा किंवा पुलांचा भाग अभ्यासात असेल तर सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाला विसरू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षालाही एक प्रत द्या.

प्रगणक, दुभाषे, गटचर्चा घेणाऱ्या बाया हव्या असतील तर रस्ता वेगळा. म्हसवडचं माणदेशी तरंग आणि जत तालुक्यातल्या जालिहाळचं येरळावाणी ही सामुदायिक रेडिओ केंद्रं घराघरात ऐकली जातात. साताऱ्यात ‘ऐक्य’, सांगलीत ‘जनप्रवास’ आणि ‘पुढारी’, ‘सकाळ’च्या जिल्हा आवृत्त्या आहेतच. या जाहिराती मराठीतच द्या, आणि जतसाठी कन्नडमध्येही.

मुदत किमान तीन आठवडे ठेवा. पहिल्या आठवड्यात शंका मागवा आणि उत्तरं सगळ्यांना एकत्र पाठवा. ज्यानं विचारलं त्यालाच उत्तर दिलं तर ओळखीच्या माणसाला झुकतं माप मिळतं. अर्जाबरोबर कुठलंही शुल्क घेऊ नका. लोकांना फसवणाऱ्या बनावट निविदा फिरत असतात, त्यामुळे अस्सल जाहिरात संस्थेच्या वेबसाइटवर असलीच पाहिजे.

मजकूर कसा असावा, त्याचा एक नमुना:

‘आमची संस्था माण आणि आटपाडी तालुक्यांतल्या १० गावांत मेंढपाळ कुटुंबांसोबत चारा आणि पाण्यावर काम करते. टंचाईच्या वर्षी या कुटुंबांना छावणीचा लाभ का मिळत नाही, आणि कोणती सोय त्यांच्या भटकंतीशी जुळेल, हे दोन प्रश्न आम्हाला समजून घ्यायचे आहेत. काम एकूण ३० दिवसांचं. क्षेत्रभेटी कुटुंबं गावात असतील त्या काळातच. अहवाल मराठीत २५ पानांच्या आत, सोबत गावसभेत सांगता येईल असा दोन पानांचा गोषवारा. अंदाजपत्रक सर्व करांसह अमुक ते अमुक रुपये. अर्जात हवं: चार पानांचा प्रस्ताव, आधी केलेल्या कामाचा एक अहवाल, दोन संदर्भ, आणि दिवसनिहाय खर्च. गुणांकन: कामाची समज ३०, या भागातला किंवा अशा समाजासोबतचा अनुभव २५, पद्धत १५, दर ३०.’

निवड आणि नंतरचं

सर्वांत कमी दराला काम देण्याची सवय अभ्यासाच्या कामात सोडायला हवी. गुणवत्तेला ७० आणि दराला ३० गुण ही विभागणी सरकारी आणि आंतरराष्ट्रीय खरेदीतही रुळलेली आहे. गुण कसे देणार ते जाहिरातीतच छापा. तिघांची समिती करा, त्यात एक बाहेरचा असावा, आणि कुणाचं अर्जदाराशी नातं वा व्यवहार असेल तर त्यानं लेखी कळवून बाजूला व्हावं. दराचे लिफाफे तांत्रिक गुण देऊन झाल्यावरच उघडा.

प्रस्तावात एखाद्यानं मांडलेली पद्धत आवडली आणि काम मात्र दुसऱ्याला देऊन तीच पद्धत वापरायला लावली, असं काही ठिकाणी घडतं. ही सरळ चोरी आहे. नाकारलेल्या प्रत्येकाला दोन ओळींचं उत्तर द्या. पुढच्या वेळी तोच तुमच्या उपयोगी पडेल. पैशाचे हप्ते करारात लिहा: सहीनंतर ३० टक्के, क्षेत्रकाम झाल्यावर ३०, अंतिम अहवालानंतर ४०. ‘निधी आला की देऊ’ हे वाक्य एकट्या माणसाचं घर अडवतं. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु सेवा पुरवठादाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत, असं २००६ चा एमएसएमईडी कायदाच सांगतो.

आणि ज्यांच्यावर अभ्यास करायचा त्यांच्याबद्दल. आंबेघर काय, ब्रह्मनाळ काय, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या दारी मोबाइल घेऊन कितीजण येऊन गेले असतील! जाहिरातीत अर्जदारालाच विचारा: संमती कशी घ्याल, बाई एकटी असताना कोण बोलेल, रडू आलं तर प्रश्नावली थांबवाल का, नावं आणि फोटो कुठं ठेवाल? याचं उत्तर ज्याला नीट देता येत नाही त्याला कितीही पदव्या असोत, घेऊ नका. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून काम करते आहे, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या बाया स्वतःच्या जगण्याबद्दल स्वतः बोलतात. आपल्याबद्दलचा अभ्यास कुणी आणि कसा करावा, यात लोकांचं म्हणणं असलं पाहिजे, हे शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही. निवड समितीत बाधित गावातली एक व्यक्ती घेता येते; अवघड नाही.

पुराआधीची जाहिरात

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पूर आल्यावर निविदा काढता येत नाही. २०१९ मध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढलं, २०२१ मध्ये २२-२३ जुलैच्या पावसात दरडी आणि पूर एकदमच आले. पहिल्या आठवड्यात कुठल्या गावाला काय हवं हे कळलं नाही तर एका गावात ब्लँकेटांचा ढीग पडतो आणि शेजारच्या गावात पिण्याचं पाणी नसतं; ते आपण दोन्ही वेळा पाहिलं आहे. गरजांची पाहणी त्या आठवड्यातच व्हायला हवी, आणि तीन आठवड्यांची जाहिरात तेव्हा निरुपयोगी असते. मग नाइलाजानं ओळखीचा माणूस धरला जातो, आणि नंतर ऑडिटला उत्तर देताना धावपळ होते.

यावर उपाय पॅनेलचा. शांत काळात रीतसर जाहिरात काढायची, सहा-आठ जणांची यादी निवडायची, त्यांचा दिवसाचा दर दोन वर्षांसाठी ठरवून ठेवायचा आणि साधा करार करायचा. पाणी चढू लागलं की नुसता फोन. यादीत वेगवेगळी माणसं हवीत: गरजा मोजणारा, पाणी आणि स्वच्छता जाणणारा, जनावरांचा डॉक्टर, समुपदेशक, घरांचं नुकसान पाहणारा अभियंता, महिलांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचं काम केलेली कार्यकर्ती. प्रत्येकानं किती तासांत सांगली किंवा कराडला पोचू शकतो हे अर्जात लिहावं. कृष्णेचा पूर पुण्याकडून येणारे रस्तेही बंद करतो, तेव्हा यादीतले निम्मे तरी याच दोन जिल्ह्यांतले असावेत, आणि त्यांतही नदीच्या दोन्ही काठांचे.

एकेका छोट्या संस्थेला हे झेपत नसेल तर चार-पाच संस्थांनी मिळून एकच जाहिरात द्यावी. खर्च वाटला जातो, आणि पूर आल्यावर एकाच गावात चार प्रश्नावल्या फिरत नाहीत. कृष्णा, वारणा, कोयनेच्या काठी काम करणाऱ्या संस्थांनी हे या वर्षीच करावं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाहिरात, महिनाअखेरीला अर्जांची छाननी, मेमध्ये मुलाखती, आणि जून लागायच्या आत करारांवर सह्या.